सहा ऑगस्टचं पाणी

लामत्याच्या ललिताला राग कशाचा येतो? नवरा उकव्याच्या खाणीवरून शनिवारच्या ऐवजी रविवारी घरी आला, तर येत नाही. अंगणवाडीतल्या लेकरांनी ताटातला भात चटईवर सांडला, तरी येत नाही. पण आम्रपालीचं नाव काढा, आणि मग तिच्या तोंडाकडे बघा. आधी नाकाचा शेंडा लाल होतो, मग ती पदर खोचते, आणि समोर जे भांडं असेल ते घासायला घेते, घासलेलं असलं तरी. सुखरामच्या चहाच्या टपरीवरची माणसं मुद्दाम विचारायची, "काय ललिताबाई, आमूचा फोन आलता का?" आणि तो शेंडा लाल होताना बघून खुशीत चहा प्यायची. माणसं वाईट नाहीत हो. पण फुकटची करमणूक कोण सोडतं?

आम्रपाली तिची चुलत बहीण, धाकट्या काकाची मुलगी. काका लवकर गेला, म्हणून ती ललिताच्याच घरी वाढली. दोघी एका ताटात जेवल्या, एका बाकावर बसल्या, बारावीला सायन्स घेऊन एकाच गाडीनं रोज बालाघाटला गेल्या. बारावीत ललिताला आम्रपालीपेक्षा अकरा मार्क जास्त पडले. ते अकरा मार्क ललितानं आज वीस वर्षं जपून ठेवले आहेत. कुणी विचारत नाही, तरी सांगते.

मग ललिता शिकायला का नाही गेली? त्याचं कारण ग्रामपंचायतीच्या मैदानात उभं आहे. तारेच्या कुंपणात कमरेपेक्षा खाली येणारा एक डबा आहे, वर नरसाळं, आत बाटली. लोक त्याला पावसाचा डब्बा म्हणतात. ललिताचे वडील फकिरा यांनी बावीस वर्षं रोज सकाळी साडेआठला त्या डब्यातलं पाणी मोजलं आणि तालुक्याला कळवलं. ललिताच्या बारावीच्या निकालाच्या उन्हाळ्यातच फकिराच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. पाणी मोजायच्या काचेवरच्या, मोजकाचेवरच्या रेघा दिसेनात. "यंदाचा पावसाळा तू पाय, पुढच्या सालचं पुढच्या साली," मोजकाच लेकीच्या हातात देत ते म्हणाले. पुढचं साल काही आलं नाही. आम्रपाली नागपूरला गेली, नागपूरहून पुण्याला, मध्ये दोन वर्षं परदेशातही राहून आली. ललिता वीस पावसाळे लामत्याच्या बाहेर एक रात्र राहिली नाही. सख्ख्या नणंदेची हळद बुडवली, पण सकाळचे साडेआठ बुडवले नाहीत.

फकिराचे नियम कडक होते. गुडघा टेकायचा, डोळा पाण्याच्या रेघेला समोरासमोर आणायचा, वरून बघायचं नाही. आकडा तिथंच उभं राहून शाईनं रजिस्टरात उतरवायचा, मग पाणी ओतायचं. आणि चूक झाली तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. फकिराच्या बावीस वर्षांत अशा तीन रेघा होत्या. ललिताच्या वीस वर्षांत एकही नव्हती. बापापेक्षा सरस म्हणायला तिच्याजवळ एवढं एकच होतं.

आकडा उतरवून ती घरी यायची आणि पडवीत खाटेवर बसलेल्या बापाला सांगायची, "बाबा, बावीस पॉइंट चार." फकिरा मान हलवून म्हणायचे, "हं." बस. शाबास नाही, बस पोरी नाही. पण त्या 'हं'वर ललिता दिवस काढायची.

ते 'हं' आम्रपालीनं नेलं.

तीन पावसाळ्यांपूर्वी आम्रपालीचं काम सुरू झालं, उपग्रहावरून जमिनीवरचा पाऊस मोजायचं. तिनं फकिराला मोठा फोन आणून दिला आणि रोज सकाळी आठला ती त्यांना फोन करू लागली. ती बोलायची आणि म्हातारा कान देऊन ऐकायचा. प्रत्येक वस्तूतून, मातीतून, झाडातून एक बारीकशी लहर निघत असते, डोळ्यांना न दिसणारी, आणि वरचा उपग्रह ती टिपतो. समुद्राचं सोपं असतं. समुद्र त्याला गार दिसतो, त्यावर पाऊस उजळ उठून दिसतो. जमीन मात्र स्वतःच उजळ. तिच्यावरचा पाऊस दिसायचा कसा? तर मोठ्या ढगांच्या माथ्यावर बर्फाचे कण असतात, ते खालून येणारी लहर इकडेतिकडे फेकून देतात, वर पोचूच देत नाहीत. म्हणजे जमीन जिथं एकदम गार दिसली, तिथं वर बर्फ, आणि बर्फ म्हणजे खाली मोठा पाऊस. "म्हंजे थो पाऊस नाई पायत," फकिरा हरखून म्हणाले, "पावसानं काय अडवलं थे पायते." आम्रपाली म्हणाली, मोठेबाबा, हे समजायला माझ्या विद्यार्थ्यांना एक वर्ष लागतं. झालं. म्हातारा आठ दिवस तेच सांगत फिरला, आणि आम्रपालीचा फोटो छापून आलेलं वर्तमानपत्राचं कात्रण उशीखाली ठेवू लागला. डोळ्यांनी आता वाचता येत नसलेलं कात्रण.

आणि आता रोजची कथा अशी. ललिता भिजत, चिखल तुडवत डब्यापाशी जाणार, आकडा आणणार, "बाबा, एकोणीस पॉइंट आठ" म्हणणार, आणि बाप विचारणार, "आमू काय म्हनते?" आधी आमूचा आकडा, मग हिच्या आकड्याला "बरं". कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! पोरगी पुण्यात पंख्याखाली बसून लामत्याचा पाऊस सांगते, आणि जिनं पाऊस अंगावर घेतला तिला विचारतात तिकडे काय झालं म्हणून. टपरीवर सुखरामसुद्धा आता विचारायचा, "वरून किती सांगतलं?" ललिता रोज जळायची. जळत होती हे मी आडून सांगत नाही, तिलाही ते ठाऊक होतं. पिकतं तिथं विकत नाही, हे स्वतःला शंभरदा सांगून झालं, तरी पोटातलं दुखणं काही थांबलं नाही.

तिचा एकच विसावा होता. उपग्रह चुकायचा. बुटक्या ढगांचा पाऊस त्याला दिसायचाच नाही, कारण त्यांच्या माथ्यावर बर्फ नसतो. एकदा दिवसभर बारीक पाऊस लागला, डब्यात चौदा भरला आणि आम्रपालीचा आकडा शून्य. त्या दिवशी ललितानं शेवयाची खीर केली. कारण विचारलं तर सहज म्हणाली.

आता यंदाची सहा ऑगस्ट. आदल्या दिवशीपासून पाऊस कोसळत होता. लामत्याभोवतीच्या सगळ्या बांध्या, धानाची खाचरं, रोवणी होऊन पाण्यानं तुडुंब होत्या, जमीन कुठं दिसतच नव्हती. सकाळी आठला फोन आला. फकिरानं ऐकला, आणि डोक्यावर छत्री धरून निघालेल्या ललिताला पडवीतूनच ओरडून सांगितलं, "आमू म्हनते चाळीस! पाय बरं, चाळीस निंघते का!"

पाय बरं. म्हणजे ही तपासायला चालली होती आमूचा आकडा. स्वतःचा मोजायला नव्हे.

तिनं गुडघा टेकला. मोजकाचेत एका वेळी वीस मिलिमीटर मावतं. एक काच भरली, ओतली. दुसरी भरली, ओतली. तिसऱ्यांदा तळाशी थोडं उरलं, एक पॉइंट दोन. एक्केचाळीस पॉइंट दोन. ढगांच्या वरून, एवढ्या उंचीवरून, बरोबर. तळपायाची आग मस्तकात गेली. तिला वाटलं, आता घरी जाऊन आपण एक्केचाळीस सांगणार आणि बाबा हात आपटून म्हणणार, "पायलं! सांगतलं होतं आमूनं!" आणि ते आपल्याला ऐकून घ्यावं लागणार. तिनं शेवटचं पाणीही ओतून टाकलं. चिखलात ते कुठं गेलं दिसलंसुद्धा नाही. मग पेनाचं टोपण उघडलं आणि रजिस्टरात स्वच्छ अक्षरात लिहिलं: १२.६.

घरी तिनं "बारा पॉइंट सहा" सांगितलं. फकिरानं मान वर, कौलांकडे केली. एवढा पाऊस वाजत होता कौलांवर, आणि बाराच? पण ललिताच्या आकड्यावर शंका घ्यायची त्यांना सवय नव्हती. "आमूले सांगतो," ते म्हणाले. संध्याकाळी आम्रपालीनं स्वतः ललिताला फोन करून विचारलं, नक्की ना लली? ललिता म्हणाली, तुला वरून जास्त दिसत असेल तर तू लिही. आम्रपालीनं माफी मागितली आणि फोन ठेवला. ललिताला चार दिवस छान झोप लागली.

सप्टेंबरच्या शेवटी आम्रपाली लामत्याला आली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बालाघाटला पुराचा इशारा देणाऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांसमोर तिला तिचं काम मांडायचं होतं. ललितानं वांगे-झिंगे केले, बारीक कोळंबी घातलेली वांगी, आम्रपालीला आवडतात म्हणून. जळफळाट आपल्या जागी, पाहुणचार आपल्या जागी. दिवस कलला, बाहेर पुन्हा पाऊस धरला. फकिरा खाटेवर, आम्रपाली खाली चटईवर, आणि ललिता चुलीपाशी पाठ करून.

आम्रपाली सांगत होती. उपग्रह लामत्याच्या माथ्यावरून ऐन मोठ्या पावसात, भरलेल्या बांध्यांवरून, हंगामात एकदाच गेला, सहा ऑगस्टला. बाकी वेळा एकतर एवढा मोठा पाऊस नव्हता, नाहीतर तो दुसरीकडून गेला आणि आकडा आजूबाजूवरून अंदाजानं काढावा लागला. आणि नेमका त्या दिवशी तिचा आकडा चाळीस आणि डब्याचा बारा. तिच्या सरांनी सांगितलं, गावातला डबा आहे, मोजणाऱ्याची चूक असेल, तो दिवस काढून टाक. आम्रपाली त्यांच्याशी भांडली. "मीनं म्हटलं, सर, उपग्रह चुकू शकते, माहं गणित चुकू शकते. थो डब्बा फकिराबाबाचा हाये आन अक्षर ललीचं हाये. थे चुकत नाई."

मग तिनं कारण शोधलं. बांधीत साचलेलं पाणीही वरून गार दिसतं, समुद्रासारखं. म्हणजे धानाच्या मुलखात ऑगस्टमध्ये निम्म्याहून जास्त गारवा पावसाचा नसणार, बांध्यांचा असणार. तिनं सहा आठवडे खपून सगळं गणित बदललं. उद्या ती अधिकाऱ्यांना सांगणार होती, भरल्या बांध्यांवर उपग्रह चाळीस म्हणाला तर बारा समजा. इथून वैनगंगेच्या काठापर्यंत सगळीकडे.

फकिरा हसले. असे मोठ्यानं हसले की खाट करकरली. त्यांनी हवेत हात चाचपला आणि हाक मारली, "लले, इकडं ये. आयकलं काय? वरच्यानं हार मानली आपल्या डब्ब्यापुढं!" ललिता जवळ गेली तेव्हा त्यांच्या हाताला तिचं डोकं लागलं. तो हात तिथंच राहिला. "माही पोरगी पक्की हाये," ते आम्रपालीला म्हणाले. "मी येडा, रोज तुलेच इचारत होतो."

बघा म्हणजे. वीस वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते डोक्यावर हात ठेवून मिळालं, आमूच्या समोर मिळालं, आमूच्या तोंडून मिळालं. ललिताला वाटलं, घ्यावं. कोण विचारणार आहे? ते पाणी मातीत मुरून दोन महिने होत आले. जगात एकट्या तिलाच माहीत होतं, आणि तिनं तोंड उघडलं नाही तर ते तिच्याबरोबरच जाईल. पण मग तिला बांध्यांचा मुलूख दिसू लागला. पुढच्या ऑगस्टला खरंच चाळीस पडतील, ऐंशी पडतील, नदी चढेल, आणि आमूचं गणित वरून शांतपणे सांगेल, शिंतोडे आहेत. का? तर लामत्याच्या ललिताचं अक्षर चुकत नाही म्हणून.

ती उठली. फळीवरून रजिस्टर काढलं, परत बापाच्या खाटेपाशी बसली, त्यांचा हात पुन्हा डोक्यावर आला, आणि तिनं पान उघडलं.

"सहा ऑगस्ट," ती म्हणाली. "बारा पॉइंट सहा नोहोतं. एक्केचाळीस पॉइंट दोन होतं. मीनं खोटं लिवलं."

फकिराचा हात तिच्या डोक्यावरून निघाला. कधी निघाला ते तिला नेमकं कळलं, कारण तिथं गार वाटलं.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"तुमी माह्या आधी आमूचा आकडा इचारत होते. म्हनून."

एवढंच. वीस वर्षांत मनात रचलेली सगळी भाषणं, अकरा मार्क, नणंदेची हळद, ते कात्रण, एवढ्या एका वाक्यात आटोपली, आणि मोठ्यानं म्हटल्यावर ते कारण इतकं पोरकट ऐकू आलं की तिलाच लाज वाटली. आम्रपाली रजिस्टरावर वाकली होती. तिनं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, जणू शाईखाली काही दिसणार होतं.

"आखीन किती?" फकिरानं विचारलं.

"एकच. शपथ घेते. एकच."

"बरं," फकिरा म्हणाले. हं नाही. बरं.

आम्रपालीनं मागची पानं उलटली, जुलै, मागचं साल, त्याच्या मागचं. ललिता तिच्या बोटांकडे बघत होती. प्रत्येक पानावर बोट जरा थांबत होतं. आजवर हे रजिस्टर कुणी असं उलटलं नव्हतं. ललितानं पेन काढलं, १२.६ वर एक आडवी रेघ मारली, बाजूला ४१.२ लिहिलं, सही केली. मग विचारलं की आता तरी हा आकडा तुझ्या कामाचा आहे ना.

"नाई, लली." आम्रपालीचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "माह्या चाळीसले लागूनच निंघला थो. सर म्हनतील, बहिनीनं बहिनीसाठी बदलला. आता बारा बी माहा नाई, एक्केचाळीस बी माहा नाई. थो दिवसच गेला."

तिनं लॅपटॉप उघडला आणि उद्याच्या भाषणातलं ते सगळं प्रकरण एकेक पान करून काढून टाकलं. सहा आठवड्यांचं काम काढायला वीस मिनिटं लागली. ललिता वाट बघत होती की ही आता बोलेल, शिव्या देईल, रडेल तरी. तसं काही झालं नाही. आम्रपालीनं लॅपटॉप मिटला, वांगे-झिंगे वाढून घेतले आणि चांगले झालेत म्हणाली. ललितानं आपलं ताट झाकून ठेवलं.

सकाळी पाऊस थांबला होता. आम्रपालीची गाडी नऊची. सव्वाआठला ललिता मोजकाच आणि रजिस्टर घेऊन निघाली, तर फकिरा काठी घेऊन पडवीत उभे. वीस वर्षांत ते डब्यापाशी आले नव्हते. "मले घेऊन चाल," ते म्हणाले, आणि आम्रपालीलाही चलायला सांगितलं. तिघं चिखलातून मैदानापर्यंत गेले. टपरीवर सुखराम किटली हातात धरून बघत राहिला.

ललितानं कुंपणाचं फाटक उघडलं. नरसाळं काढलं, बाटलीतलं पाणी काचेत ओतलं, गुडघा टेकला, डोळा रेघेला आणला. "अठरा पॉइंट सहा," ती म्हणाली.

फकिरा कुंपणाच्या तारेला धरून उभे होते. त्यांनी मान आम्रपालीच्या बाजूला वळवली.

"आमू, तू पाय."

आम्रपाली जागची हलली नाही. तिनं ललिताकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. तेव्हा ललितानंच काच उचलून तिच्यासमोर धरली, सरळ, हात न हलवता. आम्रपालीनं चिखलात गुडघा टेकला, लहानपणी दोघींना एकत्रच शिकवलं होतं तसा, आणि डोळा पाण्याला समोरासमोर आणला. जी पोरगी इतकी वर्षं लामत्याकडे वरून बघत होती ती आता खाली बसून ललिताच्या हातातलं पाणी बघत होती. हे बघण्यासाठी ललितानं एके काळी काय दिलं नसतं!

"अठरा पॉइंट सहा, मोठेबाबा," आम्रपाली म्हणाली.

"हं," फकिरा म्हणाले.

तेच 'हं'. तीन वर्षांनी पहिल्यांदा, तिच्या आकड्याला, पण दुसरीच्या तोंडून ऐकल्यावर. आणि खोटं कशाला सांगू, एवढं सगळं झाल्यावरही ललिताच्या पोटात दुखलंच. तिनं टोपण उघडलं, १८.६ लिहिलं, सही केली. मग रजिस्टर आम्रपालीपुढे केलं आणि सहीच्या बाजूला दुसऱ्या सहीपुरती जागा बोटानं दाखवली.